नळीची राखण

काकांनी बत्तीस वर्षं विजेचे मीटर तपासले. वीजचोरी पकडणाऱ्या भरारी पथकात होते ते. ऑफिसात त्यांना ‘दुर्बीण’ म्हणायचे, अर्थात पाठीमागे. कुठल्याही इमारतीत शिरले की जिन्याखालच्या मीटरपाशी वाकायचे, शिशाचं सील अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हलकासा हिसका द्यायचे आणि मग मान वर करून घरमालकाकडे बघायचे. त्या बघण्याने भलेभले घाम पुसायला लागत. ज्यांनी काहीच केलेलं नसे तेसुद्धा.

अशी नोकरी केलेला माणूस कागदोपत्री निवृत्त होतो, एवढंच. दूधवाला, लिफ्टवाला, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू असे सगळे आळीपाळीने त्यांच्या चौकशीच्या फेऱ्यातून गेले होते. बाहेर पडताना काका दाराचं कुलूप तीनदा ओढून बघत आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. घरी पार्सल आलं की उघडण्याआधी त्याची चिकटपट्टी खिडकीच्या उजेडात धरून निरखत बसत.

‘‘अहो, उघडा की आता,’’ काकू म्हणायच्या. ‘‘त्यात बॉम्ब असता तर एव्हाना कंटाळून फुटला असता.’’

काकूंनी आयुष्यभर शाळेत शिवण शिकवलं. नवऱ्याचा संशयी स्वभाव त्या हसण्यावारी नेत. मूलबाळ नव्हतं, दोघंच एकमेकांना. काकांना ज्याच्याबद्दल कधीही शंका आली नाही असं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे काकू. त्यामुळे काकूंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा काका पार कोसळले. दोन दिवस ते कोणावरही संशय न घेता नुसते बसून होते. काकूंना त्याचीच जास्त भीती वाटली.

मग डायलिसिस सुरू झालं. एक दिवसाआड चार तास. त्यासाठी काकूंच्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या होत्या. ती जोडलेली शीर जाड व्हायला काही महिने लागणार होते, म्हणून तोपर्यंत छातीत कॉलरच्या हाडाखाली एक नळी बसवायची ठरली. आतलं टोक थेट हृदयापाशी आणि बाहेर दोन तोंडं, एक लाल झाकणाचं, एक निळ्या. एकातून रक्त मशीनकडे जायचं, दुसऱ्यातून परत यायचं.

नळी बसवायच्या दिवशी काका ऑपरेशनच्या खोलीच्या दारात ठाण मांडून बसले. ‘‘पाकीट माझ्यासमोर उघडा,’’ म्हणाले. वापरलेल्या नळ्या धुऊन पुन्हा खपवतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. किडनीच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी दाराच्या काचेला पाकीट लावून धरलं. काकांनी चष्मा कपाळावर नेऊन त्यावरचा नंबर, तारीख आणि कडांची शिवण तपासली, नंबर डायरीत उतरवून घेतला आणि मान हलवली. हॉस्पिटलातल्या या एकाच वस्तूबद्दल त्यांची पुरती खात्री पटली होती.

डायलिसिसच्या खोलीत काकूंना जी मशीन मिळाली ती एक ताई सांभाळायच्या. तिशीतल्या, चटपटीत, तोंडावर मास्क आणि बोलण्यात आडपडदा अजिबात नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, ‘‘घरी या नळीला कोणी हात लावायचा नाही. भिजवायची नाही. वर बांधलेली ही गॉजची पट्टी सोडायची नाही. इथे मी मास्क लावून, हात धुऊन, हातमोजे घालून झाकणं उघडते, ती इथेच उघडायची. काकू, तुम्ही हात लावायचा नाही, आणि काका, तुम्ही तर मुळीच नाही.’’

शेवटचं वाक्य काकांना खटकलं. आपल्यालाच का बजावलं? ज्याला तपासणी नको असते तोच माणूस ‘हात लावू नका’ म्हणतो, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा अनुभव होता. काकांच्या मनात पाल चुकचुकली.

आता काकांच्या बाजूनेही बघायला हवं. डायलिसिसच्या खोलीत नातेवाइकांना प्रवेश नाही. चार तास काकू काचेपलीकडे आणि काका बाहेरच्या बाकावर. आत मशीनवाल्या ताई, दोन नर्स, एक सफाईवाली. इतक्या लोकांच्या हाताखाली बायकोच्या हृदयापर्यंत जाणारी नळी, आणि तिला साधी फिरकीची दोन झाकणं. मीटरच्या भाषेत सांगायचं तर उघडी तार आणि सील नाही. काकांसारख्या माणसाला झोप कशी लागावी?

म्हणून त्यांनी आपला बंदोबस्त केला. ऑफिसातून निवृत्त होताना डिंक लावलेल्या तपकिरी कागदी पट्ट्यांचं एक रीळ त्यांनी घरी आणलेलं होतं. तपासलेल्या मीटरच्या पेटीवर सहीनिशी लावायच्या त्या पट्ट्या. डायलिसिसहून घरी आलं की काका काकूंना खिडकीशी बसवत आणि गॉज सोडत. लाल आणि निळं झाकण चिमटीत धरून घट्ट आहे की नाही ते हलक्या हिसक्याने बघत. मग पट्टी जिभेवर फिरवून ओली करत, दोन्ही झाकणांवरून आडवी चिकटवत, वर सही आणि वेळ टाकत आणि गॉज पुन्हा जसंच्या तसं बांधून टाकत. पुढच्या वेळी पट्टी अखंड असली की मधल्या काळात कोणी हात लावला नाही, हे सिद्ध.

‘‘मला कुठे पाठवायचंय का पोस्टाने?’’ काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं. पण अडवलं नाही. एवढ्याने ह्यांना झोप लागत असेल तर लागू दे, असा विचार त्यांनी केला. आपल्या जिवाच्या काळजीने माणूस इतका हैराण झालेला पाहून त्यांना आतून बरंही वाटत होतं. ते मात्र त्यांनी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्याच खेपेला ताईंनी गॉज सोडलं आणि त्या किंचाळल्याच. ‘‘हे काय आहे? कोणी लावलं?’’ त्यांनी पट्टी टराटरा फाडून कचऱ्यात टाकली, झाकणं औषधाच्या बोळ्याने घासघासून पुसली आणि बाहेर येऊन बाकावरच्या काकांना चार लोकांत झापलं. ‘‘काका, तुम्हाला कळत कसं नाही? परत असलं काही केलंत तर मी डॉक्टरांना सांगीन.’’

काकांनी डायरी काढली आणि लिहिलं: सील तोडले. पट्टी नष्ट केली. विचारणा करण्यापूर्वीच आवाज चढवला.

पट्ट्या त्यांनी बंद केल्या नाहीत. फक्त हॉस्पिटलच्या फाटकाच्या अलीकडे, टॅक्सीत, पट्टी स्वतः तपासून स्वतःच सोलून काढायला सुरुवात केली. ताईंना वाटलं, म्हातारा सुधारला.

तिसऱ्या आठवड्यात काकूंना थंडी वाजून आली. मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला होता. दात वाजायला लागले, दोन पांघरुणं घातली तरी खाट हलत होती, आणि मग सडकून ताप चढला. काका काचेला नाक लावून बघत होते. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, रक्तात जंतू आहेत, पण पाच औषधांना दाद देणारे आहेत. दोन आठवडे इंजेक्शनं झाली. काकू टुणटुणीत झाल्या, उरलेल्या कापडातून उशीचे अभ्रेसुद्धा शिवून झाले.

औषध थांबल्यावर आठव्या दिवशी पुन्हा तेच. मशीन सुरू झाली, अर्धा तास गेला, थंडी, ताप.

काकांच्या डायरीत आता आकडे जमायला लागले. मधल्या दिवशी ताप नाही. घरी ताप नाही. ताप येतो तो मशीनला जोडल्यावरच, आणि दर वेळी मशीनवर असतात त्याच ताई. त्या खोलीत काकूंची पाळी कायम ताईंकडेच असते, त्यामुळे दुसरं कोणी असणंच शक्य नव्हतं. हे एरवी काकांच्या लक्षात आलं असतं. पण संशय एकदा मानगुटीवर बसला की अशा गोष्टी दिसत नाहीत.

दुसरी शंका औषधाची. रिपोर्ट म्हणतो या औषधाने जंतू मरतात. मग परत येतात कुठून? याचा अर्थ बाटलीत औषधच नसणार. काकांनी रिकाम्या बाटल्या मागून घेतल्या, तीन दुकानांत जाऊन लेबलं ताडून पाहिली, झाकणावरचं छापकाम भिंगाखाली धरलं. सगळं एकसारखं निघालं. त्याने समाधान व्हायच्या ऐवजी त्यांना वाटलं, साखळी फार मोठी दिसते.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावून सांगितलं, ‘‘माझा संशय नळीवर आहे. नळी काढून दुसरीकडून नवीन बसवू.’’

‘संशय’ हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची काकांना सवय नव्हती. ‘‘नळीवर कसा?’’ ते म्हणाले. ‘‘नळी सीलबंद होती. मी स्वतः पाहिली. नंबर आहे माझ्याकडे.’’

‘‘बसवली तेव्हा स्वच्छच होती, काका. नंतर आत जंतू बसले असतील.’’

‘‘आणि नवीन नळी कोण बसवणार? तुम्हीच. म्हणजे इथे एवढ्या गोष्टींत पाणी मुरतंय, आणि बदलायची काय, तर जी एकच वस्तू मी तपासून घेतलीय ती.’’

डॉक्टरीणबाई काकूंकडे वळल्या. सही तर काकूंचीच हवी होती. काकूंना पुन्हा भूल, पुन्हा टाके नको होते, आणि मानेत-छातीत नळीसाठी चांगल्या जागा मोजक्याच असतात हेही त्यांनी ऐकलं होतं. हातातली शीर तयार व्हायला अजून अवकाश होता. ‘‘ह्यांचं समाधान होऊ दे आधी,’’ त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी नाइलाजाने मधला मार्ग काढला. इंजेक्शनं पुन्हा सुरू करायची आणि दर खेपेला मशीन सुटल्यावर नळीतच औषध भरून झाकणं लावायची. ‘‘पण हा शेवटचा प्रयत्न. परत ताप आला तर नळी काढायचीच. असं अर्धवट औषध देत राहणं फार धोक्याचं आहे.’’

काकांनी त्या दिवशी घरी जाऊन चार पानी तक्रार लिहिली. भरारी पथकाच्या नमुन्यात, मुद्देसूद, तारीखवार. मुद्दा पहिला, ताप फक्त या व्यक्तीच्या हाताखाली येतो. मुद्दा दुसरा, या व्यक्तीने नातेवाइकांना तपासणी करण्यास मज्जाव केला. मुद्दा तिसरा, या व्यक्तीने सहीनिशी लावलेले सील फाडून पुरावा नष्ट केला. चौथ्या मुद्द्यावर त्यांनी ‘उद्धट’ हा शब्द दोनदा वापरला. हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला असली तक्रार म्हणजे डोक्याला ताप. चौकशी होईपर्यंत त्यांनी ताईंना मशीनवरून काढलं आणि तळमजल्यावर सामानाच्या खोलीत पाकिटं लावायला बसवलं.

‘‘चांगली होती हो ती मुलगी,’’ काकू म्हणाल्या. ‘‘सुई टोचताना आधी सांगायची. तुम्ही असं करायला नको होतं.’’

‘‘चांगलं वागणाऱ्यांवर आधी नजर ठेवायची असते.’’

काकू गप्प बसल्या. काकूंचं गप्प बसणं काकांना कधी तपासता आलं नव्हतं.

नव्या मशीनवर नवा माणूस आला. गंभीर, पन्नाशीचा, अळीमिळी गुपचिळी. औषधांचे दोन आठवडे नीट गेले. काका मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. घरी पट्ट्या चालूच होत्या, उलट आता झाकणं ते सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बघायचे.

औषध थांबल्यावर पाचव्या दिवशी काकूंना थंडी भरली. या वेळी तापात त्या बरळल्या. शाळेतल्या मुलींना दोरा ओवायला सांगत होत्या. रक्तदाब इतका उतरला की मशीन मध्येच थांबवावी लागली. काका काचेबाहेर उभे होते. आपली बायको मरणार, हे वाक्य पहिल्यांदा त्यांच्या मनात जसंच्या तसं उमटलं. आणि त्याच वेळी दुसरी गोष्ट त्यांच्या डोळ्यांना दिसत होती. ताई तिथे नव्हत्या. मशीन दुसरी होती. माणूस दुसरा होता. ताप तोच होता.

दुर्बीण म्हणून नावाजलेला माणूस, पुरावा स्वतःविरुद्ध गेला म्हणून डोळे मिटून घेणारा नव्हता. एवढं श्रेय मात्र त्यांना द्यायला हवं. ते डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, ‘‘मला कोणाचं म्हणणं नको. मोजून दाखवा.’’

‘‘मोजता येतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकाच वेळी दोन ठिकाणचं रक्त घेते. एक हातातून, एक नळीतून. सारखंच रक्त, सारख्याच बाटल्या. दोन्ही एकाच यंत्रात ठेवायच्या. आत जंतू वाढले की यंत्र खूण करतं आणि वेळ दाखवतं. जिथे जंतू जास्त, ती बाटली आधी बोलते. नळीची बाटली दोन तास किंवा जास्त आधी बोलली तर जंतूंचं घर नळीत आहे.’’

काका खुर्चीत सरळ झाले. ‘‘म्हणजे चेक मीटर,’’ ते म्हणाले.

चोरीचा वहीम असला की पथकाची हीच रीत असते. घरातला मीटर तसाच ठेवायचा आणि बाहेर खांबावर दुसरा मीटर बसवायचा. दोन्हींतून तीच वीज जाते. आकड्यात फरक पडला की चोरी मधल्या तारेत. काकांनी अशी शेकडो घरं पकडली होती. ही भाषा त्यांना समजत होती.

रक्त घेताना त्यांना मास्क लावून आत उभं राहू दिलं. दोन्ही बाटल्यांवर त्यांनी स्वतः सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते प्रयोगशाळेच्या दारात हजर होते. नळीची बाटली सात तास चाळीस मिनिटांनी बोलली होती. हातातल्या रक्ताची बारा तास दहा मिनिटांनी. फरक साडेचार तासांचा. काकांनी तो तीनदा वजा करून पाहिला.

चोरी मधल्या तारेत होती. जिची राखण त्यांनी डोळ्यांत तेल घालून केली होती तिच्यातच.

डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या खाटेशी बसून दोघांना समजावलं. ‘‘काकू, पाण्याची बाटली आतून बुळबुळीत होते बघा. नुसतं पाण्याने विसळून ते जातं का?’’

‘‘नाही. घासावं लागतं,’’ काकू म्हणाल्या. आवाज पार खोल गेला होता.

‘‘तसंच. जंतू नळीच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती असाच थर करतात. रक्तात सुटे फिरणारे जंतू औषधाने मरतात, म्हणून ताप उतरतो. रिपोर्टही त्या सुट्यांचाच येतो, म्हणून त्यात औषध चालतंय असं दिसतं. पण थराच्या आत औषध धड पोचत नाही. आत कित्येक जंतू नुसते पडून असतात, वाढत नाहीत, आणि जो वाढत नाही औषधही त्याचं फारसं वाकडं करू शकत नाही. औषध थांबलं की तेच पुन्हा पसरतात. मशीनने रक्त जोरात ओढलं की थराचे तुकडे सुटून थेट रक्तात जातात. म्हणून अर्ध्या तासाने थंडी. नळी आतून घासता येत नाही. ती काढावीच लागते.’’

‘‘मग काढा,’’ काका म्हणाले. ‘‘आत्ता काढा.’’

‘‘काढणारच आहे. पण काका, या वेळचा रिपोर्ट बघा.’’ त्यांनी कागद पुढे केला. पहिल्या रिपोर्टात जिथे पाच औषधांपुढे ‘दाद देतो’ असं होतं तिथे आता चारांपुढे ‘दाद देत नाही’ असं होतं. ‘‘दोनदा औषध दिलं, दोन्ही वेळा थरातले मजबूत तेवढे उरले. आपणच त्यांना सराव दिला. आता एकच औषध हातात आहे. ते लागू पडलं तर ठीक.’’

नाही पडलं तर काय, ते कोणी विचारलं नाही.

‘‘पण शिरले कुठून?’’ काकांनी विचारलं. आवाज जुना तपासनिसाचा होता. ‘‘नळी सीलबंद होती.’’

‘‘हे माणसाच्या कातडीवर राहणारे जंतू आहेत. झाकणापाशी हात लागला की आत जायला वाट मिळते. इथे तर मोज्यांशिवाय कोणी उघडत नाही. घरी कोणी हात लावतं का?’’

काकूंनी डोळे मिटून घेतले. सांगायचं नव्हतं त्यांना.

‘‘मी,’’ काका म्हणाले. आणि मग पट्ट्यांपासून जिभेपर्यंत, चिमटीपासून सकाळ-संध्याकाळच्या हिसक्यापर्यंत सगळं सांगितलं. आयुष्यात त्यांनी इतरांचे कबुलीजबाब पुष्कळ घेतले होते. स्वतःचा देताना कुठे थांबायचं ते त्यांना कळेना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘तुमच्याच हाताने झालं असं मी म्हणणार नाही. काकूंच्या स्वतःच्या कातडीवरूनही गेले असतील. एखाद्या दिवशी इथेच कोणाचा मास्क घसरला असेल. हे आता कोणालाच सिद्ध करता येणार नाही.’’

त्यांनी दिलासा द्यायचा म्हणून सांगितलं. काकांना तो मिळाला नाही. गुन्हा सिद्ध झाला असता तर फाइल बंद झाली असती.

दुपारी नळी काढली. डॉक्टरीणबाईंनी ती ट्रेमध्ये उभी चिरली आणि मोजा घातलेलं बोट आतून फिरवलं. बोटाला पातळ, मळकट, तारेसारखा ओढला जाणारा लिबलिबीत थर आला. काकांनी वाकून पाहिलं. बाहेरून नळी अगदी नवी दिसत होती, नंबरही वाचता येत होता.

रक्त स्वच्छ होईपर्यंत काकूंना नळीविना ठेवायचं होतं, म्हणजे जुनं काही उरलं असेल तर औषधाला मारता येईल. तोवर डायलिसिस नाही, पाणी घोटाघोटाने मोजून. काका घरी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ते तळमजल्यावर सामानाच्या खोलीत गेले. ताई स्टुलावर बसून खोक्यांवरच्या तारखा तपासत होत्या. काकांना पाहून उठल्या नाहीत.

काकांनी रात्रभर वाक्यं जुळवली होती, पण तिथे एकही आठवलं नाही. ‘‘तक्रार मागे घेतली,’’ ते म्हणाले. ‘‘लेखी दिलं. चूक माझी होती. पट्ट्या मी बंद केल्या नव्हत्या. टॅक्सीत काढायचो.’’

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मास्क नसताना काका त्यांना पहिल्यांदाच बघत होते. रागाने त्यांच्या नाकपुड्या थरथरत होत्या. काकांना वाटलं, आता या बोलतील ते सगळं आपण ऐकून घ्यायचं.

‘‘काकूंना आत्ता ताप किती आहे?’’ ताईंनी विचारलं.

‘‘सकाळी एकशे एक. दुपारी शंभरच्या खाली.’’

‘‘मग जा, वर थांबा त्यांच्याजवळ. माझं मी बघते.’’ आणि त्या पुन्हा खोक्यांकडे वळल्या. माफ केलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. पुढेही कधी सांगितलं नाही. आठवड्याभरात मशीनवर परत आल्या, काकूंशी पहिल्यासारख्या बोलायच्या आणि काकांशी कामापुरतं.

शेवटचं औषध लागू पडलं. इतकं साधं वाक्य लिहायला चार दिवस लागले. रोज सकाळी रक्त जायचं, रोज काका प्रयोगशाळेच्या दारात जायचे, आणि चौथ्या दिवशी बाटली बोललीच नाही. मग दुसऱ्या बाजूने नवी नळी बसवली. पाकीट दाखवायला डॉक्टरीणबाई काचेपाशी आल्या तेव्हा बाकावर कोणी नव्हतं. काका जिन्यात उभे होते, भिंतीकडे तोंड करून.

काकू घरी आल्या. तीन आठवडे गेले, ताप नाही. हातातली शीरही आता बोटाखाली फुरफुरायला लागली होती. अजून महिनाभरात नळीची गरज राहणार नव्हती. पण घरात काहीतरी बिनसलं होतं. काका दिवसातून पंधरा वेळा साबणाने हात धुवायचे. बोटांची पेरं चिरली होती. चहाचा कप ते काकूंच्या हातात न देता स्टुलावर ठेवायचे आणि मागे सरायचे. बिछाना त्यांनी बाहेरच्या खोलीत हलवला होता. दूधवाला आला, लिफ्टवाला आला, वरचे भाडेकरू जिन्यात भेटले, काकांनी कोणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचा सगळा संशय आता स्वतःच्या दोन हातांवर येऊन थांबला होता.

एके दिवशी चार वाजता काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. उठायचं होतं. अंगात अजून ताकद नव्हती, म्हणून त्यांनी सवयीने हात पुढे केला. काकांनी धावत जाऊन दुसरी खुर्ची आणली आणि तिची पाठ काकूंच्या हाताशी सरकवली. ‘‘हिला धरून ऊठ,’’ म्हणाले, आणि स्वतःचे हात पाठीमागे घेतले.

काकूंनी खुर्चीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तापातून उठल्यापासून त्या हसल्या नव्हत्या, आताही हसल्या नाहीत.

‘‘अहो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘नळीला हात लावायचा नाही असं सांगितलंय त्यांनी. मला लावायचा नाही असं कोणी सांगितलं?’’

काका जागच्या जागी उभे राहिले. काकूंनी हात मागे घेतला नाही. तो थकून कापायला लागला तरी त्यांनी तसाच पुढे धरून ठेवला, काकांनी तो धरेपर्यंत.